पंपाच्या तारेवर बटाट्याचं मशीन

धाकट्या दिरांनी मस्कतहून सुट्टीवर येताना बटाटे कापायचं विजेचं मशीन आणलं. पांढरं प्लास्टिकचं अंग, खाली मोटर, वर बटाटा घालायचं नळकांडं आणि मधे फिरणारी पोलादी चकती. चकतीला दाते होते, सगळे एकाच दिशेला वाकलेले. वरून बटाटा घालून दट्ट्याने दाबला की बाजूच्या तोंडातून बोटभर लांबीच्या सळ्या पडत. तिकडे खोलीतले सगळे जण याच तळून खातात, याला फिंगर चिप्स म्हणतात, असं भावोजींनी सांगितलं. सासूबाईंनी एक सळी उचलून उजेडाकडे धरली आणि विचारलं, हे विळीवर होत नाही का?

होत होतं. पण आमच्या घरी सणावाराला भावकीतल्या चार घरांचं फराळाचं एका चुलीवर व्हायचं आणि विळीवर मी बसायची. त्यामुळे मशीनचा सगळ्यांत जास्त आनंद मला झाला होता.

पहिली अडचण आली ती पिनेची. तिकडची पीन चौकोनी पायांची, ती आमच्या भिंतीतल्या गोल भोकांत जाईना. भावोजींनी ती कापली आणि उघड्या तारा काडेपेटीच्या काड्यांनी भोकांत खोचल्या. मग अडचण आली व्होल्टेजची. तेव्हा वसईच्या वाड्यांमधून थंडी संपता संपता सगळ्यांचे पंप एकदम चालू व्हायचे आणि घरातल्या बल्बची आतली तार नुसती लाल दिसायची. मशीन गुरगुरायचं, चकती काही फिरायची नाही. तसंच रेटत राहिल्याने त्याचं बटण जळलं. भावोजींनी बटणाच्या तारा आतल्या आत जोडून टाकल्या. मग वाडीतल्या विहिरीवरच्या पंपाच्या लाइनीतून एक लांब तार काढली, नारळांच्या खोडांना बांधत बांधत मागच्या पडवीपर्यंत आणली आणि मशीनला कायमची जोडून वर चिकटपट्टी गुंडाळली. पंपाच्या लाइनीवर मशीन झकास पळू लागलं. आठवड्याने भावोजी मस्कतला परत गेले.

आता मशीन चालू-बंद करायचा वेगळा खटका होता तो वाडीच्या त्या टोकाला, पंपघरात. तिथे सासरे असायचे. त्यांना घरात सगळे दादा म्हणत. पडवीतून कुकारा घालायचा, "दादा, चालू," की ते खटका वर करत. काम झालं की पुन्हा कुकारा, "दादा, बंद." मधे केळी, पोफळी आणि पानवेलींचे मांडव, त्यामुळे दिसायचं काही नाही, पण आवाज पोचायचा. आम्हाला यात काही वावगं वाटलं नाही. वाडीत जेवायलासुद्धा असंच बोलावत.

दादांची एक सवय सांगायला हवी. विजेचा भरवसा नव्हता. कधी जाईल आणि कधी येईल, सांगता यायचं नाही, आणि आलेली वीज फुकट गेली तर पानवेली सुकायच्या. म्हणून त्यांनी पंपाच्या स्टार्टरच्या बटणात बांबूची चिपाटी खोचून ठेवली होती. बटण कायम दाबलेलं. लाइट गेली की ते कशालाही हात लावायचे नाहीत. पंपघराला कुलूप घालायचे, कारण तांब्याच्या तारेची चोरी व्हायची, चावी करगोट्याला बांधायचे आणि कुठेतरी गप्पा मारायला जायचे. लाइट आली की पंप आपोआप सुरू व्हायचा आणि त्याची धडधड ऐकून दादा परत यायचे. वसईतल्या निम्म्या वाड्यांत तेव्हा असंच चालायचं.

माझी नणंद या सगळ्यांत धाकटी. मॅट्रिक होऊन माणिकपूरला टायपिंगच्या क्लासला जायची. तिचा हात चांगला होता. मुंबईतल्या एका कचेरीतून तिला टायपिंगच्या परीक्षेला बोलावणं आलं होतं. शनिवारी महाशिवरात्र आणि सोमवारी परीक्षा. सासूबाईंनी तिला स्पष्ट सांगून ठेवलं होतं की यंदा नोकरी लागली तर ठीक, नाहीतर अक्षय तृतीयेच्या आधी लग्न ठरवायचं. स्थळही हाताशी होतं. मुलाच्या घरची मोठी वाडी होती आणि त्यांना टायपिंग येणाऱ्या सुनेची गरज नव्हती. नणंदेने त्यावर वाद घातला नाही. ती एवढंच म्हणाली होती की सोमवार होऊन जाऊ दे.

बोलावणं आलं त्या दिवसापासून मी तिला विळी, कोयता आणि चूल या तिन्हींपासून लांब ठेवलं. सासूबाईंना हे पटलं नाही. "बोटं काय सोन्याची झाली तिची?" असं त्या दिवसातून एकदा तरी विचारायच्या. पण शिवरात्रीला काम एवढं होतं की कोणीतरी हवंच होतं. तेव्हा आम्ही दोघींनी मिळून ठरवलं की मी सोलते, तिने मशीनवर बसावं. मशीनला पातं हातात धरावं लागत नाही. विळीपेक्षा ते बरं.

दुपारी जेवणाचा प्रश्न नव्हता, सगळ्यांचे उपास. मुलं देवळात गेली होती. आमचे हे कामावरून अजून परतले नव्हते. पडवीत मी, नणंद, आणि आत चुलीवर तेलाची कढई ठेवून सासूबाई. दादा पंपघरात. खटका वर झाला, मशीन सुरू झालं आणि बटाटे भराभर संपले. सळ्यांनी दोन परातीही भरल्या नाहीत. चार घरांना ते पुरणार नव्हतं. सासूबाई बाहेर आल्या, परातीकडे पाहिलं आणि म्हणाल्या की बटाटे संपले तर संपले, घरची केळी कशाला आहेत? कच्च्या राजेळीच्या दोन फण्या त्यांनी सकाळीच काढून ठेवल्या होत्या.

कच्ची केळी कापायची म्हणजे आधी हाताला खोबरेल लावायचं. आमच्याकडे हे पोरीबाळींनाही सांगावं लागत नाही. केळ्याचा चीक हाताला लागला की दोन दिवस काळा राहतो आणि सुरीला लागला की सुरी ओढत नाही. नणंदेने दोन्ही हातांना मनगटापर्यंत तेल चोपडलं. मीही चोपडलं. मशीनच्या चकतीला तेल लावायचं कोणाच्याच मनात आलं नाही. मस्कतच्या मशीनला केळ्याचा चीक माहीत नव्हता, आणि आम्हाला मशीन माहीत नव्हतं.

पहिली काही केळी चांगली गेली. मग सळ्यांच्या जागी लगदा यायला लागला. मशीनचा आवाज खाली खाली गेला, जळका वास आला. नणंदेने दट्ट्या सोडला आणि वाडीकडे तोंड करून कुकारा घातला, "दादा, बंद!"

मशीन थांबलं.

तिने बाजूच्या तोंडातून उजव्या हाताची दोन बोटं आत घातली आणि लगदा उकरायला लागली. मी खाली मान घालून केळं सोलत होते. आधी माझे कान सावध झाले, मन नंतर. वाडीत आवाजच नव्हता. आमच्या पंपाचा नाही, पलीकडच्या वाडीतल्या पंपाचा नाही, कोणाचाच नाही.

दादांनी खटका पाडला असता तर नुसतं मशीन थांबलं असतं. पंप चालूच राहिला असता. खटका पडला नव्हता. लाइट गेली होती.

मी म्हटलं, "हात बाहेर काढ."

"काढते. थोडंच राहिलंय."

"आधी हात काढ."

तिने ओढला आणि तिचा चेहरा बदलला. तिने पुन्हा ओढला. मग माझ्याकडे पाहिलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "वहिनी, निघत नाही."

चकतीचे दाते आतल्या बाजूला वाकलेले. बोटं तेलाने सरकत आत गेली होती आणि बाहेर येताना प्रत्येक दाता कातडीत रुतत होता. मधलं बोट आणि करंगळीच्या बाजूचं, त्याच्या शेजारचं. वरून चीक आणि लगदा यांनी चकती कवटाळून धरलेली. मी तिला सांगितलं, हलवू नकोस, ओढू नकोस. सासूबाईंना हाक मारली.

त्या आल्या, पाहिलं, आणि काही वेळ त्यांना भीती कशाची वाटायला हवी तेच कळलं नाही. लाइट तर नाही, सावकाश काढा, असं म्हणाल्या. मी सांगितलं की वर केलेला खटका तसाच आहे. लाइट आली की मशीन सुरू होईल. त्यांनी पडवीच्या टोकाला जाऊन दादांना हाका मारल्या. एक, दुसरी, मग एकामागून एक. ओ आली नाही.

मी वाडीतून धावत सुटले. पाटातलं पाणी ओलांडत, मांडवांखालून वाकत. पंपघराला कुलूप होतं. खिडकीच्या जाळीतून आत पाहिलं तर आमच्या मशीनचा खटका वर होता आणि स्टार्टरच्या बटणात चिपाटी. जाळीतून बोटंही जात नव्हती. दादा बहुधा देवळाकडे गेले होते. तिथे भजन आणि घंटा, हाक पोचणार नव्हती. पंपघरातून निघालेली ती तार माझ्या डोक्यावरून घराकडे गेलेली मला दिसत होती, पण तोडायला माझ्या हातात काही नव्हतं. कोयता घरी, पडवीच्या खुंटीला.

परत येताना मी कान देऊन धावत होते. पलीकडच्या वाडीतला पंप आमच्या आधी सुरू होतो असं आम्ही नेहमी म्हणायचो. तो सुरू झाला तर माझ्याकडे किती वेळ असेल, याचा विचार मी करत होते. काहीच वेळ नसेल, हे मला माहीत होतं. वीज सगळ्यांना एकदमच येते.

नणंद होती तशीच बसली होती. सासूबाईंनी तिचं मनगट दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. मी कोयता काढला. त्या ओरडल्या नाहीत, पण एक हात सोडून त्यांनी माझा पदर पकडला.

"तारेला हात लावू नको गो. त्याच वेळी लाइट आली तर तूही चिकटशील."

"मग कोण लावणार?"

त्यांनी पदर सोडला. मी पायात रबरी चपला घातल्या, देवापुढचा लाकडी पाट आणून त्यावर उभी राहिले. कोयत्याची मूठ लाकडाची होती, तिच्याभोवती कोरडा पंचा गुंडाळला. तार पडवीत शिरायची तिथे उंबऱ्याचं लाकूड होतं, त्यावर ती पायाने सरकवून घेतली आणि घाव घातला. हाताला तेल होतं. कोयता आडवा सरकला, तारेचं रबर नुसतं सोललं गेलं आणि आतलं तांबं उघडं पडलं. आता तर अधिकच वाईट. मी पंचा आणखी एक वेढा आवळला आणि दुसरा घाव घातला. तार तुटली.

तुटलेलं टोक, पंपघराकडून येणारं, अंगणात पडलं. अंगण ओलं होतं, मी सकाळीच सडा घातला होता आणि बटाटे धुतलेलं पाणी तिथेच ओतलं होतं. वाळत घातलेल्या कपड्यांची काठी काढून मी ते टोक उचललं आणि कुंपणाच्या वाळक्या काट्यांवर टाकलं. काठी तशीच हातात घेऊन वळले आणि पंपाची धडधड ऐकू आली.

पंप सुरू झाला त्या क्षणी आम्ही तिघींनी एकदम मशीनकडे पाहिलं. तार तोडली आहे हे मला माहीत होतं, मीच तोडली होती, तरी मी चकतीकडेच पाहत होते. चकती हलली नाही. कुंपणावर तारेचं टोक एकदा निळं तडतडलं. सासूबाईंच्या तोंडातून "शिव शिव" एवढंच निघालं. नणंदेने डोळे मिटले होते, ते उघडले.

आम्ही दोघी तिच्या हाताशी खटपट करायला लागलो. सासूबाई बोटं ओढायला गेल्या. नणंद म्हणाली, "ओढू नकोस. दाते ओढायच्या बाजूने लागतात. चकती उलटी फिरवा." ती हे इतकं शांतपणे बोलली की मला तिचा राग आला. वरून खोबरेल ओतलं, चीक सुटेपर्यंत थांबलो, मग नळकांड्यातून लाटणं घालून मी चकती केसाकेसाने मागे ढकलली. बोटं बाहेर आली. मधल्या बोटाची एका बाजूची साल निघाली होती. शेजारच्या बोटाचं नख मुळापासून उचललं गेलं होतं. हाड शाबूत होतं. तिने पाचही बोटं एकेक करून वाकवून पाहिली आणि मग पहिल्यांदा रडली.

पंपाच्या आवाजावर दादा आले. त्यांना आधी तार दिसली.

"तार कोणी तोडली?"

सासूबाई उठून त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. "लाइट गेली तेव्हा खटका खाली का नाही केला?"

"लाइट गेल्यावर खटका कशाला खाली करायचा?" दादांना प्रश्नच कळला नाही. "आजवर कधी केलाय?"

मग त्यांनी मुलीचा हात पाहिला आणि ओटीवर बसले. पंप चालूच होता. शेवटी मी त्यांच्याकडून चावी मागून घेतली, पंपघरात जाऊन खटका पाडला आणि भावोजींची तार तिकडून सोडवून आणली. चिपाटी मी काढली नाही. पाणी तर द्यायलाच हवं होतं.

माणिकपूरच्या डॉक्टरांनी दोन्ही बोटांना जाड पट्टी बांधली. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. बोटं दाबायची नाहीत, ओली करायची नाहीत. सोमवारी टायपिंगची परीक्षा आहे असं मी सांगितलं तेव्हा त्यांनी पट्टीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि दुसऱ्या पेशंटला आत बोलावलं.

रविवारी घरात तीच चर्चा. सासूबाईंचं म्हणणं होतं की शिवरात्रीच्या दिवशी असं झालं म्हणजे देवानेच सांगितलं. स्थळाकडचे लोक याच आठवड्यात यायला तयार होते. आमच्या ह्यांचं म्हणणं, सोमवारी कचेरीत जाऊन पट्टी दाखवावी आणि पुढची तारीख मागावी, कोणी नाही म्हणणार नाही. मलाही ते बरं वाटलं. नणंद नाही म्हणाली.

"पुढची तारीख मिळेपर्यंत आई माझी तारीख ठरवेल."

सासूबाईंनी ते ऐकलं. त्यांनी खोटं आहे असं म्हटलं नाही. "ठरवीन," म्हणाल्या. "बापाच्या वाडीत जन्मभर ठेवू काय तुला?"

त्या दुपारी नणंद माजघरात लाकडी पाट समोर घेऊन बसली. पाटावर तिने कोळशाने अक्षरांच्या ओळी काढल्या, टायपिंगच्या मशीनवर असतात तशा. पट्टीतल्या दोन बोटांच्या वाट्याची अक्षरं होती आय, के, ओ, एल. ती तिने अंगठ्याशेजारच्या बोटाकडे दिली आणि वेग वाढवत नेला. वर्षभर लावलेली सवय मोडत होती. पट्टीतली बोटं जुन्या सवयीने पुढे यायची, पाटावर आपटायची, तिचा श्वास अडकायचा आणि ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. दिवेलागणीपर्यंत हाच आवाज चालू होता. दादा दोनदा दारात येऊन उभे राहिले आणि परत गेले. सासूबाई शेवटी वैतागून म्हणाल्या की आता तो पाट तरी सोड, जेवायला बसायचंय. जेवताना त्यांनी तिच्या ताटातली भाकरी मोडून दिली. डाव्या हाताने खायचं नाही म्हणून एक घास भरवलासुद्धा. पण आपलं म्हणणं काही मागे घेतलं नाही.

सोमवारी मी तिच्याबरोबर गेले. कचेरीत सगळ्या मुलींना एका खोलीत घेतलं आणि दार लावलं. दारावरच्या शिपायाने तिची पट्टी पाहून विचारलं की बाई, साहेबांना सांगू का? ती नको म्हणाली.

मी बाहेर बाकावर बसले. आत घंटी वाजली आणि वीस-पंचवीस मशीनं एकदम सुरू झाली. पाऊस पत्र्यावर पडावा तसा एकसारखा आवाज. त्यातला तिचा कोणता, हे ओळखायचा मी प्रयत्न करत होते. मधेच एखादं मशीन अडखळायचं, थांबायचं, पुन्हा धरायचं. प्रत्येक वेळी मला वाटायचं, हीच ती. मग दुसरं एखादं अडखळायचं आणि वाटायचं, नाही, ही. माझ्या शेजारी एका मुलीचे वडील बसले होते. तुमची कितव्या नंबरवर आहे, असं त्यांनी विचारलं. मी हातानेच थांबायची खूण केली. बोललं तर आवाज हातचा जाईल असं वाटत होतं. पुन्हा घंटी वाजली आणि सगळं थांबलं. फक्त एक मशीन दोन-तीन ठोके जास्त वाजलं, मग तेही थांबलं.

ती सर्वांत शेवटी बाहेर आली. पट्टीतून रक्त आलं होतं, पण फार नाही.

"कसं झालं?"

"पान पूर्ण नाही झालं. चार ओळी राहिल्या."

"चुका?"

"जेवढं केलं त्यात एकच. तीही शेवटी, घंटीनंतर मारली ती."

मी तिला म्हटलं, चल, पट्टी बदलून घेऊ.

त्या आठवड्यात स्थळाकडचे लोक येऊन मुलगी पाहून गेले. हात पदराखाली ठेवायला सासूबाईंनी सांगितलं होतं, नणंदेने मांडीवर उघडा ठेवला. त्यांनी होकार कळवला. सासूबाई अक्षय तृतीयेच्या आधीचे मुहूर्त विचारून आल्या. कचेरीतून काहीच कळत नव्हतं. नणंद रोज क्लासला जात होती आणि पोस्टमन आला की ओटीवर न येता मोरीत भांडी घासत बसायची.

मुहूर्त पक्का करायला भटजी यायचे होते त्याच्या आदल्या दिवशी कचेरीतून नोकरीवर रुजू व्हायचं बोलावणं आलं. दादांनी ते दोनदा वाचलं आणि सासूबाईंच्या हातात दिलं. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी कागद उलटा-सुलटा करून पाहिला, घडी घातली आणि स्थळाकडे निरोप धाडला की मुलगी नोकरीला लागली आहे, रोज मुंबईला जाईल, चालत असेल तर पुढचं बोलू.

त्यांना चालत नव्हतं. सासूबाई दोन दिवस कोणाशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी नणंद कामावर निघायच्या वेळी त्यांनी तिचा डबा भरून ओटीवर आणून ठेवला आणि आत गेल्या.